सतरा कोडी

मुलगी वर्षातून एकदाच यायची, तीही चार दिवस. म्हणून म्हाताऱ्या शिंप्याने वर्षभराची शब्दकोडी राखून ठेवली होती. रविवारचा पेपर आला की कापडाच्या कात्रीने कोडं कापायचं आणि कोरंच डब्यात टाकायचं. उत्तर डोळ्यांसमोर नाचत असलं तरी पेन्सिलीला हात लावायचा नाही. सोपी कोडी त्याने गाळली. अवघड अशी सतरा उरली.

बायको होती तोवर घरातलं बोलायचं खातं तिच्याकडे होतं. ती गेल्यापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं तब्येतीपाशी सुरू होऊन हवेपाशी संपायचं. कोड्यावर वाकले की मात्र दोघांची जीभ सुटायची. आडवे शब्द त्याचे, उभे तिचे. ती शाळेतून थेट दुकानात यायची, तेव्हापासूनची ही वाटणी.

पहिल्या संध्याकाळी एकच कोडं झालं, दीड तास पुरलं. एका उभ्या शब्दाशी अडून पेन्सिल चावता चावता ती म्हणाली, "हल्ली मला झोपच लागत नाही, बाबा."

"हं," तो मान वर न करता म्हणाला. खोदून विचारलं तर ती मिटेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घाई कशाला? अजून सोळा कोडी होती.

दुसऱ्या दुपारी तो डोळे तपासून परत आला, तर ती टेबलाशी खुशीत बसलेली.

"बाबा, तुमची सगळी कोडी सोडवून टाकली! फोनवर शोधत गेले, दोन तासांत फडशा. एवढी साठलेली बघून वाटलं, डोळ्यांमुळे तुम्हाला जमत नसणार."

त्याने एकेक कागद बघितला. आडवे, उभे, सगळे तिच्याच अक्षरात. 'अगं, ती आपल्या दोघांची होती' हे ओठांवर आलं होतं, पण तिचा चेहरा इतका फुललेला, की त्याने ते गिळून टाकलं.

"शाब्बास," तो म्हणाला. "मोठंच काम केलंस."

चहा झाला. तिच्या झोपेचं विचारावं असं त्याला फार वाटलं, पण सुरुवात कुठून करायची तेच सुचेना.

"मग मी उद्याच निघू का? ऑफिसात कामाचा ढीग पडलाय."

"निघ की."

तिची बॅग भरायला तोही बसला. एकेका कुर्त्याची घडी तो इतकी सावकाश घालत होता, की शेवटी तिने कपडे त्याच्या हातातून काढून घेतले.

"द्या इकडे, बाबा. मी पटकन उरकते."