स्वतःहून सरकलेले मेज

साताऱ्याच्या हौशी यंत्रकार मंडळाचा चौकशी अहवाल सांगतो: ‘मिलिंग मशीनचे मेज संगणकाच्या आज्ञेविना, स्वतःहून मागे सरकले व खांबावर आदळले. यावरून अंकिता यांनी बसवलेल्या सर्व्हो मोटरी मानवी नियंत्रणाबाहेर जातात, हे सिद्ध होते. सबब त्या उतरवून जुन्या मोटरी बसवाव्यात व अंकिता यांना यापुढे यंत्रांस हात लावू देऊ नये.’

यातली एक गोष्ट खरी आहे. मेज आदळले. उरलेले ललित लेखन आहे.

‘आज्ञेविना’ हा शब्द आधी घेऊ. त्या दिवशी संगणकावर अंकिताचाच प्रोग्रॅम चालू होता आणि मेजाने मागे यावे असे त्यात लिहिलेले होते. मेज मागे आले. याला बंड म्हणत नाहीत, आज्ञापालन म्हणतात. मंडळाचे बहुतेक सभासद सैन्यातून निवृत्त झालेले असल्याने हा भेद त्यांना समजावून सांगावा लागू नये. मेजाच्या मागच्या कडेला काम पकडून ठेवणारा एक क्लॅम्प राहून गेला होता, तो यंत्राच्या खांबावर आदळला आणि मेज ढकलणाऱ्या स्क्रूचा ओतीव ब्रॅकेट तडकला. क्लॅम्प आपल्याकडूनच राहिला, हे अंकिताने त्याच दिवशी सर्वांसमोर सांगितले. अहवालाने एवढेच एक प्रामाणिक विधान गाळले, कारण विसरलेल्या क्लॅम्पसाठी कोणी मोटरी उतरवत नाही. आणि ‘सिद्ध होते’ हे क्रियापद तर पुरावा नसतानाच अधिक खुलते.

खरा प्रश्न अहवालाने विचारलाच नाही: मोटर का थांबली नाही? जुन्या मोटरींना आपण कुठवर पोचलो याचा पत्ता नसे. सर्व्होला तो असतो. संगणक सांगतो, इथवर जा. मोटरच्या मागची चकती कळवते, इथवर आले. सांगणे आणि पोचणे यांतले अंतर ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेले, की वाट अडली आहे असे समजून मोटर थांबते. अंकिताने हा सगळा खटाटोप केला तो याच गुणासाठी. ती मूळची तासगावची, दिवसा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दुसऱ्यांची यंत्रे चालवते आणि स्वतःच्या डोक्यातले करून बघायला तिला मंडळाच्या शेडखेरीज जागा नाही. तिथून तिला काढणे म्हणजे काय, हे अहवाल लिहिणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

आमच्या सांगलीच्या मंडळाने आपल्या लेथला अशाच मोटरी बसवण्याचे काम तिलाच दिले होते. अहवाल येताच आमच्या सभासदांचे धैर्य आटले. खातरजमा करण्यासाठी त्यांनी मला पाठवले. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे आणि निवृत्तीनंतर त्या लेथवर सावलीवरून वेळ दाखवणारी पितळेची छायायंत्रे करते.

शेडमध्ये ब्रॅकेट बदलून मशीन उभे होते, मोटरी अजून उतरल्या नव्हत्या. अंकिता बाजूला उभी होती, हात मागे बांधून. अहवालावरून मंडळाने केलेला मनाईचा ठराव ती अक्षरशः पाळत होती. मंडळाचे अध्यक्ष, मानद कॅप्टन वीरधवल, यांनी मला खुर्ची दिली.

“मॅडम, तुम्ही पुस्तकातली माणसं. ह्या मशीनला बुद्धी फुटली की ते कुणाचं ऐकत नाही.”

“बुद्धीचा आरोप त्यावर कोणी केलेला नाही, कॅप्टन. मला फक्त ते थांबतं का, ते बघायचंय.”

“दावा की, साहेब,” नाथाजी म्हणाले. लष्करात ट्रक चालवलेले हे गृहस्थ मंडळाचे चिटणीस. “मॅडम सांगलीपास्नं एस्टीत हाडं खिळखिळी करून आल्यात. च्यावर पाठवताय व्हय त्यांस्नी?”

मेज आणि खांब यांच्यामध्ये मी खोक्याच्या लाकडाची चीप धरायला लावली. माझ्या विनंतीवरून, अध्यक्षांना विचारून, अंकिताने मेज सावकाश मागे घेतले. चीप कडकडत चिरडली आणि मेज रेटतच राहिले, तेव्हा तिने लाल बटण दाबले.

“बघा!” वीरधवल उठलेच. “आणि काय पुरावा पाहिजे?”

“लय ताकद हाय गड्या,” नाथाजी म्हणाले. “सुपारी फोडायला ठिवूया ह्याला.”

अंकिता हसली नाही. तिने लॅपटॉप ओढून घेतला. या वेळी तिने कोणाची परवानगी विचारली नाही.

“सर, ही मर्यादा मी नखाएवढी ठेवली होती. इथं वीतभर आहे. एवढं मागं पडल्याशिवाय मोटरला अडल्याचं कळणारच नाही.”

“पूर्ववत कर,” मी म्हणाले.

दुसरी चीप. मेज आले, लाकडाला टेकले आणि थांबले. पडद्यावर इशारा उमटला. चिपेवर नखाने ओढावा तेवढा ओरखडा होता. ‘मानवी नियंत्रणाबाहेर’ ही पदवी आता यंत्राला लावता येत नव्हती. ती घेणारा माणूस शोधायला हवा होता.

“बदल कोणी केला?” मी विचारले.

“मॅडम, लॅपटॉपला कुणीही हात लावतं,” वीरधवल म्हणाले.

“खंडेनवमीला तर मी घरी होते, तासगावला,” अंकिता म्हणाली. “त्याच्या आदल्या दिवशी बरोबर चालत होतं. परत आले आणि पहिल्याच कामाला ब्रॅकेट गेला.”

“खंडेनवमीला?” नाथाजींनी मान वर केली. “आवं साहेब, त्या दिशी हार न्हवता का अडकला? पूजा झाली, नारळ फुटला, पाव्हण्यांनी बटण दाबलं आन् झेंडूच्या हाराचा नायलॉनचा दोरा स्क्रूत गुंडाळला. दोनदा मशीन अडलं. मी म्हनलं, हार काढू. तर तुमी म्हनला, थांब रं, आन् लॅपटॉपवर बसला. मग बगा, दोरा ताडकन तुटला आन् टाळ्या पडल्या.”

नाथाजी साक्ष देत नव्हते. एक चांगली आठवण सांगत होते. आपण काय बोललो हे अध्यक्षांचा चेहरा बघून त्यांच्या ध्यानात आले.

मोटरी उतरल्या असत्या तर त्यांची मर्यादा पुन्हा कोणीच तपासली नसती. अहवालाची घाई आता मला समजली. मी सांगलीला तिथूनच फोन केला: लेथचे काम अंकिताच करेल. नाथाजींनी, कोणी न सांगता, मनाईचा ठराव रद्द करण्याचा नवा ठराव मांडला आणि बसलेल्यांनी हात वर केले. अंकिताने एकच मागणी केली. पहिल्या अहवालाच्या जागी जो नवा अहवाल जाईल, त्यात अध्यक्षांचे म्हणणे त्यांच्याच तोंडचे असावे, कोणी ते सुधारू नये. वीरधवल उभे राहून बोलले. मी ते जसेच्या तसे देते:

“मर्यादा मी वाढवली. पाहुण्यांसमोर मशीन दोनदा अडलं, आणि पूजेचा हार ओढून काढला तर लोक अपशकुन म्हणतील असं वाटलं. नंतर परत कमी करायचं राहिलं, ते खरंच विसरलो. पण अहवाल लिहिताना विसरलो नव्हतो. पोरीनं क्लॅम्पची चूक कबूल केली होती, म्हणून वाटलं, बाकीचंही तिच्याच नावावर खपून जाईल.”