पापडाच्या दिवशी हत्तीण

उन्हाळ्यात आमच्याकडे अमळनेरला गल्लीतल्या बायका पापड लाटायला जमल्या की सासूबाई टीव्हीवर खुनाची मालिका लावायच्या. माझी अडीच वर्षांची मैत्रेयी ती बघून झोपेत दचकायची. शेवटी आज धीर करून मी म्हटलं, "आई, हत्तींचा एक तीन भागांचा माहितीपट आलाय, फार छान आहे म्हणे. लावू?"

"हाई काय शाळा शे का?" शेजारच्या विमलकाकू फिस्सकन हसल्या.

तरी मी लावलाच. हत्तिणीचं पिल्लू चिखलात रुतलं, तशी सगळ्यांची लाटणी थांबली.

"ढकल वं माय, ढकल!" विमलकाकूच ओरडल्या. पिल्लू बाहेर आलं आणि पिठाच्या हातांनी टाळ्या पडल्या. मैत्रेयी तर उड्याच मारायला लागली.

सासूबाईंनी रिमोट माझ्याकडे सरकवला. "आते खून बंद. उद्या बी तूच लाव."

उद्या कशाला? मी लगेच पुढचा भाग लावला.