'पळा, पळा' ओरडणारी कोंबडी

मित्रांनो, मी परळच्या एका वाडीत राहणारी म्हातारी गिनी कोंबडी आहे. माझा एक पाय अधू आहे आणि आवाज अजून शाबूत आहे. आवाजाबद्दल वाडीतली माणसं काय म्हणतात ते पुढे येईलच. आधी माझा जन्म सांगते.

आमची वाडी लहान आहे. एक विहीर, तिच्यावर बैलाचा रहाट, पंधरा-वीस वाफे भाजीचे, एक फणस, थोडे माड आणि कौलारू घर. पूर्वेला गिरण्यांची धुराडी दिसतात. वाडी हरेश्वर नावाच्या माळ्याची. पहाटे भाजीची पाटी डोक्यावर घेऊन तो ठाकूरद्वारपर्यंत चालत जाई आणि ऊन चढायच्या आत परत येई. जवळच एका शेटजींचा बंगला होता. तिथल्या बागेत शेटजींनी हौसेनं दूर देशाचे ठिपक्याठिपक्यांचे पक्षी पाळले होते. बंगल्याचा माळी लवू हा हरेश्वरचा स्नेही. त्यानं एकदा धोतराच्या सोग्यात बांधून सहा अंडी आणून दिली. त्यांतल्या एकात मी होते.

हरेश्वरची बायको गुणवंती हिनं ती अंडी एका खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीखाली ठेवली. गावठी पिल्लं एकवीस दिवसांत बाहेर येतात, आम्हांला अठ्ठावीस लागतात. ती बिचारी कोंबडी आठवडाभर जास्त बसून राहिली. गुणवंती तिच्या चोचीशी दाणा-पाणी नेऊन ठेवी आणि म्हणे, "बस गं बाई, अजून थोडं बस." त्या दोघींच्या धीरामुळे आम्ही चार पिल्लं जगलो. मी माझ्या खऱ्या आईला कधी पाहिलं नाही. गावठी कोंबडीच्या पंखाखाली मी मोठी झाले आणि तिलाच आई समजत राहिले.

मोठी झाल्यावर मात्र माझं रूप सगळ्यांना नवल वाटण्यासारखं झालं. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, बोडकं निळसर तोंड, डोक्यावर शिंगासारखा तुरा. वरळीहून मासे विकायला येणारी शांती कोळीण मला पहिल्यांदा पाहून पाटी खाली ठेवायचीच विसरली.

"काय गो बाय गुणवंती, ही कोंबरी हाय का काय? अंगावं तांदूळ सांडल्यावानी दिसते!"

"कोंबडीच आहे. बंगल्यातली आहे, म्हणून नटलेली," गुणवंती हसून म्हणाली.

तुम्हांला ठाऊक आहे का, गावठी कोंबडी वाफ्यात शिरली की पायांनी माती उकरून रोपं उपटते. आम्ही तसं फारसं करत नाही. आम्ही पानांवरच्या अळ्या आणि किडे तेवढे टिपतो. त्यामुळे हरेश्वर आमच्यावर खूश असे. बैलाच्या पोटाखालच्या गोचिडीही आम्ही वेचून खात असू, आणि बैल डोळे मिटून उभा राही. आमची नजर जमिनीलगत असते, म्हणून मी माणसांना पायांवरून ओळखायला शिकले. हरेश्वरच्या टाचा चिखलानं भेगाळलेल्या. गुणवंतीच्या बोटांत चांदीची जोडवी. त्यांची मुलगी कालिंदी हिचे पाय कधी चालत नसत, सदा धावत. आणि चौथे पाय होते सखुबाईचे, कोरडे आणि सावकाश पडणारे.

सखुबाई ही हरेश्वरची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन ती भावाकडे आली होती. तिला आमचा आवाज मुळीच खपत नसे. खरं तर आमच्या जातीत नर एकच सूर लावतो आणि मादी दोन अक्षरं जोडून ओरडते. ते ओरडणं वाडीतल्या माणसांना 'पळा, पळा!' असं ऐकू येई. कुत्रा आला, घार दिसली, अनोळखी माणूस आला, की मी ओरडे. सखुबाई जपाला बसलेली असली तरी मी ओरडे.

"घरातली माणसं कमी बोलतात म्हणून ही अवदसा आणली होय गं?" ती गुणवंतीला टोचून विचारी.

"वन्सं, मुकं जनावर आहे ते," गुणवंती उत्तर देई.

"मुकं? हे मुकं असेल तर बोलकं कसं असतं?"

नणंद-भावजयीचं असं रोज काही ना काही चाले. चूल, पाणी, कालिंदीची वेणी, कशावरूनही. मला वाटे, या दोघी एकमेकींना सोसतात, एवढंच.

एका दुपारी कालिंदी पाटाच्या कडेला बसून पाण्यात पानं सोडत होती. तिच्या पाठीशी अळवाच्या गड्ड्यात घोणस वेटोळं घालून पडली होती. आम्ही चौघं सापाभोवती रिंगण धरून ओरडत सुटलो. गुणवंती हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली आणि तिनं पोरीला उचललं. त्या दिवशी आम्हांला मूठभर तांदूळ मिळाले. तेव्हापासून आम्ही तशा सुरात ओरडलो की गुणवंती आधी कालिंदीला हाक मारी आणि मग साप शोधी.

अशी चार वर्षं गेली. मग शहरात गाठीचा ताप आला.

हरेश्वर बाजारातून बातम्या आणू लागला. आधी मांडवीची, मग जवळजवळची. लोक बोटी भरभरून कोकणात पळत होते. माणसांच्या आधी आम्हांला एक गोष्ट दिसली होती. उंदीर दिवसाढवळ्या बाहेर येऊन झिंगल्यासारखे चालत आणि वाफ्यातच मरून पडत. आम्ही त्यांच्याकडे पाहून ओरडत असू. पण उंदराला पाहून ओरडणाऱ्या कोंबडीकडे कोण लक्ष देणार?

शिमग्यानंतर चार दिवसांनी गुणवंतीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी जांघेत गाठ आली. त्या दिवसांत सरकारी माणसं घराघरांत शिरून आजारी माणूस शोधत आणि प्लेगच्या इस्पितळात नेत. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, असं सगळे म्हणत. हरेश्वर घाबरून गेला. त्यानं बायकोला गोठ्यामागच्या पेंढ्याच्या खोपीत निजवलं आणि पुढे पेंढ्या रचल्या. मग त्याला आमची आठवण झाली. आम्ही ओरडून घात करू, म्हणून त्यानं माझ्या भावंडांना धरून डालग्याखाली झाकलं आणि वर पोतं टाकलं. मी त्याला सापडले नाही. खोपीच्या मागच्या उंच गवतात मी नऊ अंड्यांवर बसले होते. अंड्यांवर बसलेली आमची मादी दगडासारखी गप्प असते.

ती माणसं सकाळी आली. एक गोरा साहेब, एक आपल्याकडचा डॉक्टर आणि दोन शिपाई. सखुबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"घरात आजारी कोण आहे?" डॉक्टरनं विचारलं.

"कोणी नाही," हरेश्वर म्हणाला. "बायको माहेरी गेली आहे."

त्यांनी घर पाहिलं, गोठा पाहिला. साहेब परत फिरलाही. इतक्यात एक शिपाई उगाच खोपीला वळसा घालून मागे आला. त्याचे बूट माझ्या डोळ्यांदेखत गवत तुडवत पुढे येत होते. पुढचं पाऊल माझ्या अंड्यांवर पडणार होतं. मित्रांनो, मी काही विचार केला नाही. मी उडाले आणि जीव तोडून ओरडले, "पळा! पळा!" डालग्याखालून माझ्या भावंडांनी तोच सूर धरला.

आणि पेंढ्यांच्या आतून गुणवंतीची हाक आली. तापात तिला कशाचंच भान नव्हतं, पण तो सूर ती ओळखत होती. "कालिंदी! अगं साप! पोरीला उचला कुणीतरी!"

साहेब मागे वळला. मग शिपाई पेंढ्या बाजूला करू लागले.

डोली आली. हरेश्वर डॉक्टरच्या पाया पडला, पण काही उपयोग झाला नाही. तेव्हा सखुबाईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. घरात जाऊन ती एक तांब्या आणि गोधडी घेऊन आली.

"मी हिच्याबरोबर येते."

डॉक्टर म्हणाला, "बाई, यायला हरकत नाही. पण आत आलात की तिचा निकाल लागेपर्यंत बाहेर येता येणार नाही."

"अक्का, तू नको जाऊस," हरेश्वर कळवळून म्हणाला. "तुलाही होईल."

"झालं तर झालं. परक्या माणसांत ती पाणी कुणाकडे मागेल? तू पोरीला सांभाळ. भात करपला तरी खा दोघं, पण वेळेवर खा."

ती डोलीच्या दांड्याला हात लावून चालू लागली. तिचे ते सावकाश पडणारे पाय त्या दिवशी भराभर पडत होते.

त्यांच्यामागून शिपायांनी रोग जावा म्हणून घराची चार कौलं काढून आत ऊन पाडलं, चुना मारला आणि खोप जाळली. वाऱ्यानं आग गवतात शिरली. माझी नऊ अंडी त्यात गेली. मी फणसावरून पाहत होते.

संध्याकाळच्या आत हरेश्वरनं मला शोधलं. त्याच्या हातात दगड होते. "तुझ्यामुळं गेली ती! तुझ्यामुळं!" असं म्हणत त्यानं एकामागून एक दगड मारले. त्यांतला एक माझ्या पायाला लागला. तो अजून सरळ झालेला नाही. मग त्याचे हातच थांबले. तो फणसाच्या मुळाशी बसून लहान मुलासारखा रडला. कालिंदी जवळ येऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या पायापेक्षा तेच मला जास्त लागलं.

पुढे कित्येक दिवस आमच्याकडे कुणी पाहिलं नाही. वाफे सुकले, रहाट थांबला. भावंडांपैकी एकाला मुंगसानं नेलं आणि दोघांना हरेश्वरनं लवूच्या हवाली केलं. मी लंगडत एकटी फिरत राहिले. त्याचा राग मला समजत होता. मी गप्प राहिले असते तर शिपाई निघून गेला असता का? अंडी वाचली असती का? मला अजून सांगता येत नाही.

चौतिसाव्या दिवशी फाटकातून दोन बायका आल्या. एकीचे केस कापलेले, अंगावर नुसती हाडं, पायांत जोडवी नाहीत. मी ओळखलं नाही आणि ओरडले. कालिंदीही बापामागे लपली. मग ती बाई म्हणाली, "अगं, वेणी कुणी घातली तुझी? अशी वाकडी?" त्याबरोबर पोर धावत जाऊन तिला बिलगली. हरेश्वर विहिरीवर गेला आणि पाण्यानं भरलेली घागर उगाच पुन्हा भरत राहिला.

दुसऱ्या दिवशी शांती कोळीण आली. आधी ती फाटकापाशीच थांबली, मग हळूहळू ओट्याशी येऊन बसली.

"कशी गो वाचलीस?"

गुणवंती म्हणाली, "मलाच कळत नाही. माझ्या रांगेत अकराजणी होत्या, चौघी वाचल्या. औषध सगळ्यांना तेच. पण वन्सं माझ्या उशाशी बसून होत्या. चमच्याचमच्यानं पेज पाजायच्या. मी डोळे मिटले की म्हणायच्या, 'मरू नकोस हं, तुझ्याशी अजून भांडायचं राहिलंय.'"

शांती हसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

"बाकीच्यांजवळ कुणीच नव्हतं गं," गुणवंती हळू आवाजात म्हणाली. "घरचे भीतीनं येतच नसत. वन्सं त्यांनाही पाणी द्यायच्या. एक म्हातारी त्यांचा हात धरून गेली. नाव काय, कुठली, काही ठाऊक नाही."

सखुबाई आतून हे ऐकत होती. चार दिवसांनी तिनं पुन्हा गोधडीची वळकटी बांधली.

"आता कुठे निघालीस?" हरेश्वरनं विचारलं.

"तिथेच. डॉक्टर म्हणाले, बायकांच्या बाजूला माणूस मिळत नाही."

"अक्का, लोक काय म्हणतील?"

"लोक तापानं पडले की पाणी म्हणतील. तेवढं मला ऐकू येतं."

गुणवंतीनं तिला अडवलं नाही. ती गवतात गेली. मी तोवर नवी अंडी घालू लागले होते. तिनं त्यांतली पाच उचलून करंडीत ठेवली आणि सखुबाईपुढे धरली. "डॉक्टर सांगत होते ना, बऱ्या होणाऱ्यांना अंडं द्या म्हणून." नवरा गेल्यापासून सखुबाईनं अंड्याला बोटही लावलं नव्हतं. ती क्षणभर करंडीकडे पाहत राहिली. मग तिनं ती पदराखाली घेतली आणि निघाली.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. ताप दर थंडीत पुन्हा येतो आणि सखुबाई अजून तिथेच काम करते. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येते, भावजयीशी थोडं भांडते आणि अंडी घेऊन जाते. हरेश्वरनं मला कधी जवळ बोलावलं नाही. पण एक दिवस वाफ्याला पाणी सोडता सोडता तो थांबला, कनवटीची बाजरी काढून माझ्या अधू पायाशी टाकली आणि पुढे गेला.

मित्रांनो, मला रोग कळत नाही आणि औषधही कळत नाही. भीती वाटली की ओरडायचं, एवढंच मला येतं. पण ओरडणं झाल्यावर कुणीतरी उठून आजाऱ्याजवळ जाऊन बसावं लागतं. ते कोंबडीच्या हातून होत नाही. ते तुम्ही करा.