न घेतलेले हात

"आई, इथे मोठ्याने बोलायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही. एवढंच."

"मग आणलंस कशाला? दगडच बघायचे तर आपल्या गावचा डोंगर काय वाईट होता?"

रातिद्झो पुढे झाली आणि आईला आत घेऊन गेली. हरारेतल्या दगडी मूर्तींच्या त्या संग्रहालयात ती राखणदार होती. गणवेश चढवला की तिचा दरारा भलताच, पण आईपुढे तिचं काही चालायचं नाही. दर गुरुवारी दुपारी तिथे गारिकाई म्हातारा मूर्तींच्या मधोमध बसून एंबिरा वाजवायचा. लोखंडी पट्ट्यांवर त्याचे अंगठे फिरू लागले की मूर्ती बघायला आलेली माणसं हळूहळू खाली टेकत, आणि उठताना त्यांचे चेहरे ताप उतरल्यासारखे निवलेले दिसत. हे ती कैक वर्षं बघत आली होती. म्हणून तर आईला आणलं होतं.

रातिद्झोचा धाकटा भाऊ तेन्देकाई करिबाच्या तळ्यात मासेमारीची नाव उलटून बुडाला. देह सापडलाच नाही. गावातली माणसं रीतीप्रमाणे हात हातात घेऊन सांत्वन करायला आली, तर आईने आपले हात अंगावरच्या कापडात लपवले. "मढं कुठाय? माझा पोरगा येणाराय!" असं ओरडून तिने सगळ्यांना हुसकून लावलं. डोळ्यांत टिपूस नाही, पोटात धड अन्न नाही, सुकून नुसती काडी झाली होती. रातिद्झोचाही हात तिने झिडकारला होता, आणि ते लेकीला फार लागलं होतं.

वादन सुरू झालं. गुडघ्यांत मान घातलेल्या एका दगडी तरुणापुढे आई थबकली. त्याचा चेहरा गुळगुळीत होता, पाठ मात्र खडकासारखी खडबडीत.

"याची पाठ कधी करणार?"

"तो एवढाच आहे, आई. करणाऱ्याने तसाच ठेवलाय."

"अर्धाच?"

आई तिथेच भुईवर बसली. बऱ्याच वेळाने, घरच्या बैठकीत द्यावी तशी, पोकळ हातांनी तालावर टाळी देऊ लागली. मग टाळी थांबली आणि इतके दिवस अडून बसलेलं रडू गळा काढून बाहेर आलं.

त्या दिवशी बाजारात टोमॅटो विकणाऱ्या चार बाया आल्या होत्या. मयताघरी वाजतो तसा एंबिरा वाजतोय, म्हातारी भुईवर बसून रडतेय, म्हणजे इथलंच कुणीतरी गेलं, असं त्या धरून चालल्या. पुढचंमागचं न विचारता डोक्याचे रुमाल सारखे करून त्या एकामागे एक गुडघे टेकून बसल्या.

"फार वाईट झालं हो, आजी," पहिलीने हात पुढे केला.

आता आई हिला फाडून खाणार! "अहो मावशी, इथे कुणी..." म्हणत रातिद्झो धावली.

पण आईने तो हात घेतला. दोन्ही हातांनी धरला.

"तेन्देकाई नाव त्याचं. शेंडेफळ माझं. तळ्याने नेलं."

"अगं बाई! लग्न झालं होतं?"

"कुठलं! मी पोरी दाखवून थकले. एकीला हो म्हणाला असेल तर शपथ."

गारिकाई वाजवतच राहिला. बायांमागे आणखी माणसं येऊन उभी राहिली. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक परदेशी पाहुणाही, काही न कळता, रांगेला लागला.

रातिद्झो टोपी काढून सर्वांत शेवटी उभी राहिली. पाळी आली तेव्हा लहानपणापासून पाठ असलेले सांत्वनाचे शब्दच तिला आठवेनात. तिने भीतभीत नुसता हात पुढे केला.

आईने तो घट्ट धरला.

"तुझाही भाऊ होता गं," ती म्हणाली, आणि लेकीला बसायला जागा व्हावी म्हणून जराशी सरकली.