मला नळाखाली स्वच्छ धुतले, त्याची गोष्ट

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या, म्हणजे मग शांतपणे ऐकता येईल. मी माशांच्या टाकीत कोपऱ्यात बसणारा एक जुना, मळका स्पंज आहे. हाताला बुळबुळीत लागतो, रंग चिखलासारखा. कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, असे सांगितले तर आज कुणाचा विश्वास बसणार नाही.

दुकानात बरेच दिवस मी खिळ्याला टांगलेला होतो. लोक येत, रंगीत दगड घेत, प्लास्टिकची झाडे घेत; माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. शेवटी एका घड्याळजींनी मला घेतले. घराच्या पुढच्या खोलीत बसून ते घड्याळे दुरुस्त करीत. त्यांच्या टेबलाजवळ दोन टाक्या होत्या, एक मोठी आणि एक लहान. लहान टाकी माझ्या वाट्याला आली.

माझे काम सोपे आहे. माझ्या पोटातून एक नळी वर जाते. तिच्यातून हवेचे बुडबुडे निघतात आणि त्यांच्या ओढीने टाकीतले पाणी माझ्या भोकांतून आत येते. सुरुवातीला महिनाभर मी तसा बिनकामाचाच होतो. मग हळूहळू माझ्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहायला आले. माशांच्या घाणीचे पाण्यात विष होते, ते विष हे जंतू खाऊन टाकतात. खरे काम त्यांचे, नाव मात्र माझे झाले. मला त्याची लाज वाटत नसे.

मोठ्या टाकीत एंजल माशांची जोडी होती. तिने तीनदा अंडी घातली आणि तीनदा स्वतःच खाऊन टाकली. चौथ्या वेळी घड्याळजींनी अंडी चिकटलेली दगडी पाटीच उचलून माझ्या टाकीत ठेवली. पिल्ले निघाली. घड्याळे बघायचे भिंग डोळ्याला लावून त्यांनी ती मोजली. त्र्याहत्तर! त्याच आठवड्यात मोठ्या टाकीतला नर मेला. म्हणजे त्या जोडीची ही शेवटचीच पिल्ले. घड्याळजी आपला चहा विसरत, पण पिल्लांचे खाणे कधी विसरले नाहीत.

पिल्ले नखाएवढी झाली आणि घड्याळजी जिन्यावरून घसरले. मांडीचे हाड मोडले. घर सांभाळायला त्यांची थोरली बहीण आली. या ताई निवृत्त परिचारिका. दवाखान्यात स्वच्छतेवरून त्यांनी भल्याभल्यांना धारेवर धरलेले.

घड्याळजींनी स्ट्रेचरवरूनच सांगितले, "ताई, पिल्लांना दिवसातून चारदा थोडं थोडं खायला घाल. बाकी काही करू नकोस."

आता ताईंनी काही न करता बसायचे, म्हणजे कठीणच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पदर खोचला, मला बाहेर काढले आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरले.

"अरे बापू, बापू! या असल्या घाणीत लेकरं वाढवतोस होय?" असे दवाखान्यातल्या भावाला उद्देशून स्वतःशीच म्हणत त्यांनी मला गरम पाण्याने धुतले, पिळले, पुन्हा धुतले. खोटे कशाला बोलू? मी खूश झालो होतो. इतक्या वर्षांनी मी पांढरा दिसत होतो. माझ्यातले सगळे भाडेकरू मोरीतून वाहून गेले, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

मग ताईंनी मोठ्या टाकीतल्या स्पंजाकडे हात वळवला. पण तिथे पिल्लांची आई होती. तिने ताईंच्या बोटाला असा चावा घेतला, की ताईंनी तो नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी पिल्ले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागली. सकाळी सात मेली, दुपारपर्यंत आणखी अकरा. ताईंनी माशांच्या दुकानदाराला बोलावून घेतले.

"सिस्टर, काय केलंत तुम्ही?" त्याने विचारले.

"काही नाही हो. उलट सगळं लख्ख केलं."

त्याने मला पिळून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अहो, याच्यातल्या जंतूंवर तर पिल्लं जगत होती. तेच धुऊन टाकलेत तुम्ही!"

"जंतू?" ताई स्टुलावर बसल्या. "छत्तीस वर्षं जंतूच मारत आले हो मी. त्याची शाबासकी मिळायची मला."

दुकानदाराने मोठ्या टाकीतला मळका स्पंज काढला आणि माझ्यावर पिळला. त्या तपकिरी पाण्याने मी न्हालो, आणि आपण किती रिकामे झालो होतो ते मला तेव्हा कळले. "आता जंतू वाढेपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाव टाकी पाणी बदला," तो म्हणाला. "रात्रभर भरून ठेवलेलं शिळं, टाकीतल्याइतकंच कोमट. खाणं निम्मं करा. आणि स्पंज मळला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा हलका पिळायचा. नळाखाली नाही!"

ताईंनी टाकीवर कागद चिकटवला. वेळ, तापमान, खाणे, आणि शेवटचा रकाना: गेले. रोज बादलीत थर्मामीटर बुडवून त्या म्हणत, "चला बाळांनो, राउंडची वेळ झाली." बारीक नळीने जुने पाणी काढायचे, नवे थेंबाथेंबाने सोडायचे. मेलेले पिल्लू दिसले की आधी कागदावर लिहायच्या, मगच उचलायच्या. दवाखान्यातून फोन येई, "पिल्लं कशी आहेत गं?" ताई म्हणत, "आहेत." आणि फोन ठेवून देत. सहाव्या दिवशी शेवटचा रकाना कोरा राहिला, आणि मग तो कोराच राहू लागला.

घड्याळजी वॉकर टेकत घरी आले. ताईंनी पाण्याचा पेलाही न देता तो कागद त्यांच्या हातात ठेवला. "माझ्या हातून बत्तीस गेली, बापू."

त्यांनी सगळा कागद वाचला. चेहरा पडला. मग भिंग लावून बराच वेळ टाकीत पाहत राहिले. "एक्केचाळीस आहेत," ते म्हणाले. "पट्टे आलेत गं अंगावर. चूक माझीही आहे. काही करू नकोस म्हणालो, पण का, ते सांगितलंच नाही तुला."

ताईंना रडू कोसळले.

मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायला जाल, तेव्हा आपल्याला काय बरे दिसते ते बाजूला ठेवा. त्याला काय लागते ते आधी विचारा. ज्यांना विचारता येत नाही, त्यांच्याजवळ थोडा वेळ नुसते बसून पाहा.

आता मी थकलो आहे. एका बाजूने माझे तुकडे पडतात. दुकानदाराने नवा स्पंज आणून माझ्या शेजारी बसवला आहे. तो पांढराफेक आहे, आणि त्याला अजून काहीच येत नाही. तो माझ्याकडून शिकेपर्यंत मला फेकायचे नाही, अशी ताईंची सक्त ताकीद आहे. दर रविवारी त्या भावाकडे येतात, चप्पल काढून थेट टाकीपाशी जातात आणि काळजीच्या सुरात विचारतात, "बापू, हा अजून मळत कसा नाही रे?"