मागून या

मी मागचा दरवाजा बोलतोय. आवाज जरा बारीक वाटेल, माफ करा. या घरात माझं म्हणणं कधी कोणी विचारलं नाही, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवयच लागली नाही.

पुढचा दरवाजा माझा सख्खा भाऊ. एकाच झाडाच्या फळ्या, एकाच सुताराचा रंधा, एकाच आठवड्यातला जन्म. त्याला पितळी कडी मिळाली, नक्षी मिळाली, दर वर्षी पॉलिश मिळालं. मला लाकडी अडसर आणि स्वयंपाकघराचा धूर. असो. घराणं मोठं म्हटलं की एवढं चालायचंच.

घराणं मोठं होतं यात शंका नाही. आजूबाजूचे सगळे उसाचे मळे त्यांचे, घाणे त्यांचे, बैल त्यांचे आणि माणसंही त्यांचीच. माणसं म्हणजे नातलग नव्हेत. जहाजातून आणलेली, बाजारात उभी करून विकलेली. आम्हा दोघांना घडवणारा सुतार त्यांतलाच एक. मालक पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, "माझ्या सुताराला तोड नाही." 'माझ्या' हा शब्द ते अगदी शब्दशः वापरत.

पुढचा दरवाजा बसवून झाला तेव्हा कुठे घासतोय का ते बघायला सुतार आत आला. वाकून उंबऱ्यावर हात फिरवत होता, तेवढ्यात मुकादम ओरडला, "झालं ना? मग आत काय करतोस? मागून बाहेर जा." एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सुतार अंगणात पोचला असता. पण शिस्त म्हणजे शिस्त. हत्यारांची पेटी उचलून, सगळं घर ओलांडून तो माझ्यातून बाहेर पडला.

त्याची बायको आमच्याच स्वयंपाकघरात राबायची. त्यांना एकच लेक, नऊ वर्षांची. ती मालकीणबाईंना वारा घालायची. मालकीणबाई फार मायाळू. मांजर लंगडलं तर त्यांना घास उतरत नसे. "आमच्याकडे सगळे घरच्यासारखे राहतात," असं त्या सगळ्यांना सांगत.

मग मालकीणबाईंच्या भाचीचं लग्न ठरलं. आहेर काय द्यायचा? चांदीची भांडी झाली, एक मोठा आरसा झाला. तरी काहीतरी कमी वाटत होतं. म्हणून त्यांनी सुताराची लेक दिली.

आरशासाठी खोकं बनवायचं काम अर्थातच सुताराकडे आलं. मालकीणबाई स्वतः देखरेखीला बसल्या. "पेंढा भरपूर घाल हो. रस्ता खराब आहे, तडा जायला नको."

"जी," सुतार म्हणाला.

तो पेंढा भरत होता आणि दोन हातांच्या अंतरावर लेक उभी राहून बघत होती. तिला वाटलं, बाबा काहीतरी मजेचं करतोय. आरसा चार माणसांनी पुढच्या दाराने जपून नेला. लेकीला मुकादमाने दंडाला धरून माझ्यातून नेलं. आईने माझी चौकट अशी पकडली की तिची नखं लाकडात रुतली. ती ओरडली नाही. ओरडलेल्यांचं काय होतं ते तिने पाहिलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "दार ओळखून ठेव गं. हे दार लक्षात ठेव."

आरसा सुखरूप पोचल्याचं पत्र आठवड्याने आलं. लेकीबद्दल त्यात काही नव्हतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी कायदा झाला. माणसं विकायची नाहीत, ठेवायची नाहीत, सगळे मोकळे. मालकांना जबर धक्का बसला. ज्यांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, ती माणसं एका सहीत गेली! सरकारलाही फार वाईट वाटलं आणि सरकारने भरपाई दिली. मालकांना. माणशी.

सुतार स्वयंपाकघरात येऊन बायकोला म्हणाला, "मार आपण खाल्ला, पोर आपली गेली. मग नुकसान त्यांचं कसं काय झालं?"

"हळू बोल," ती म्हणाली. मोकळं झाल्याला दोन तास झाले होते, तरी दोघं कुजबुजतच होते.

कायद्यात आणखी एक गंमत होती. या लोकांना एकदम सोडलं तर काम कसं करावं ते कळायचं नाही, म्हणून चार वर्षं त्यांनी शिकाऊ म्हणून राबावं. तीस वर्षं रंधा मारलेला सुतार शिकाऊ झाला. शिकवायला होता मुकादम, ज्याला खिळा कधी सरळ ठोकता आला नाही.

चार वर्षं संपली त्या सकाळी दोघं नवरा-बायको लेकीला शोधायला बाहेर पडले. भाचीबाईंनी तिला केव्हाच दुसरीकडे विकलं होतं, तिथून आणखी तिसरीकडे. एकेक मळा पालथा घालत ती दोघं तीन वर्षं चालली. सुतार वाटेतच तापाने गेला. सुतारीण एकटी परत आली आणि तिने स्वयंपाकघरात काम मागितलं.

मालकीणबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "बघा, मोकळी झाली तरी पाय इकडेच वळले. माया असते ना!"

सुतारीण भांडी घासत राहिली. लेकीला या जगात आपला म्हणून एकच पत्ता ठाऊक होता, तो म्हणजे मी. ती सापडायची असेल तर इथेच सापडेल, एवढा साधा हिशेब होता. अकरा वर्षं ती माझ्याजवळ बसून भाजी निवडत होती. अकराव्या वर्षी एका दुपारी कडेवर मूल घेतलेली एक बाई आली. आत येईना. माझ्या चौकटीवर हात फिरवत राहिली.

"कोण पाहिजे?" सुतारणीने मान वर न करता विचारलं.

"आई," ती म्हणाली.

त्या दुपारी भाजी करपली आणि मालकीणबाईंनी दोघींना फैलावर घेतलं.

मायलेकी मळ्याखालच्या वस्तीत राहिल्या. पुरात बुडणारी ती जमीन, म्हणून ती मोकळ्या लोकांना मिळाली. वरची जमीन घराण्याकडेच राहिली. पिढ्या गेल्या. वरच्यांना वारशात मळे मिळत गेले, खालच्यांना मी.

आणि एका दुपारी पुढच्या दाराची घंटा वाजली. घराण्यातल्या थोरल्या साहेबांच्या छातीत दुखत होतं, इस्पितळात फोन गेला होता. घरच्या सूनबाईंनी दार उघडलं. बाहेर काळीसावळी, दमलेली एक बाई.

"कामाला बाई मिळाली आम्हाला," सूनबाई म्हणाल्या. "आणि मागून यायचं असतं."

"फोन तुम्हीच केला होतात ना?"

"हो, पण डॉक्टर कुठेत?" सूनबाईंनी तिच्या खांद्यावरून मागे गाडीत डोकावून पाहिलं.

"मीच. बाजूला व्हा, वेळ नाहीये."

सुताराच्या त्या लेकीच्या नातीची ही नात. ती पुढच्या दाराने, चपला न काढता, तडक आत गेली. थोरल्या साहेबांनी तिला बघितलं आणि तशाही अवस्थेत मोठं मन दाखवलं. "वा! तुम्ही लोक किती पुढे गेलात..."

"ही गोळी जिभेखाली ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि बोलू नका."

साहेब वाचले. डॉक्टरीणबाईंनी हात धुतले आणि विचारलं, "स्वयंपाकघर कुठे आहे?" मग त्या माझ्याजवळ आल्या. सूनबाई ओशाळून मागे धावल्या. "अहो डॉक्टर, पुढून जा ना, मागून कशाला?"

"माझ्या आजीच्या आजीला इथून आहेर म्हणून दिलं होतं. घरी हे दार सगळ्यांना माहीत आहे. फक्त पाहिलेलं नव्हतं."

"जाऊ द्या हो. किती दिवस जुनं उगाळत बसायचं?" सूनबाई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर सात पिढ्यांच्या तसबिरी ओळीने टांगलेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद सूनबाईंच्या हातात ठेवला आणि मला ढकलून त्या गेल्या. त्या कधीच परत आल्या नाहीत. यायची गरजही नव्हती.

आता घराचं हॉटेल झालंय. पाहुण्यांना सांगतात की मालकांनी हे घर स्वतः बांधलं. माझ्यावर पाटी आहे, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. खोल्या झाडणाऱ्या बायका वस्तीतून येतात. जाताना पहारेकरी त्यांच्या पिशव्या उघडून बघतो. इथून माणसं नेली गेली तेव्हा मात्र कोणी काही तपासलं नव्हतं.

परवा एक पाहुणा वाट चुकून माझ्यापाशी आला. पहारेकरी धावत गेला, सलाम ठोकला. "चुकलात साहेब, पुढून चला," म्हणत छत्री धरून त्याला घेऊन गेला. मी हे कौतुकाने बघितलं. वस्तीतलं कोणी चुकून पुढच्या दारी गेलं, तर त्यालाही असंच छत्रीखाली मागे आणून सोडतात का, ते मला माहीत नाही. कारण इतक्या पिढ्यांत वस्तीतलं कोणी चुकलेलंच नाही.

मला पॉलिश नको, पितळी कडीही नको. जमलं तर चौकटीसकट उपटा आणि भिंत बुजवून टाका. सगळ्यांना एकाच दाराने आत येऊ द्या. काही दिवस गर्दी होईल, धक्काबुक्की होईल. माझा भाऊ कुरकुरेल. कुरकुरू द्या त्याला.