सीडीतली खरखर

सीडी घेऊन परसराम तिसऱ्यांदा अंकुशच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याचा चेहरा पाहून दुसरा कोणी शटर ओढून मोकळा झाला असता. अंकुश मात्र तुमसरातल्या निम्म्या लग्नांच्या सीड्या करून करून सोशिक झाला होता. त्याने मुकाट्याने खुर्ची पुढे सरकवली.

"खरखर आहे तशीच आहे," परसराम उभ्याउभ्याच म्हणाला. "तुयी मशीनच भंगार आहे."

"बसा ना काका. पाहू आपण."

आता यात अंकुशचा काय दोष? पण परसरामला दोष द्यायला कोणीतरी हवं होतं. त्याची बायको वच्छला नाकाडोंगरीच्या विहारात कित्येक वर्षं वंदना घ्यायची. पौर्णिमा असो, कोणाचं नामकरण असो की मयत असो, त्रिशरण-पंचशील आधी तिच्या तोंडून निघायचं आणि मग गाव मागून म्हणायचं. गेल्या हिवाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधी परसरामने घरातला टेपरेकॉर्डर पुसून काढला, कोरी कॅसेट घातली आणि वच्छलाला समोर बसवून सगळी वंदना म्हणवून घेतली. ऑपरेशन झालं, वच्छला वाचली. आता तिच्या गळ्याला भोक आहे. त्यावर ती पांढरा रुमाल बांधते आणि जे बोलायचं ते हातांनी बोलते.

तिचा आवाज उरला होता तो त्या एका कॅसेटमध्ये. कॅसेटचा काय भरवसा, एखाद्या दिवशी टेपने गिळली म्हणजे संपलं. म्हणून सीडी. वच्छलाच्या आवाजाशिवाय विहारात सकाळ होणार नाही, असं परसराम गावभर सांगून बसला होता. वच्छलालाही त्याने तसा शब्द दिला होता.

पहिल्या वेळी अंकुशने टेपचं हेड स्पिरिटने पुसलं आणि वायर बदलली. दुसऱ्या वेळी चांगल्यातली डिस्क घेऊन अगदी हळू स्पीडवर सीडी भरली. खरखर हटली नाही. आज त्याने शेवटचा उपाय काढला. कॉम्प्युटरमध्ये खरखर गाळायची सोय असते, ती लावली आणि स्पीकर सुरू केला.

खरखर गेली खरी. पण वच्छलाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडला, मधले शब्दच्या शब्द गिळले गेले, आणि गाथेच्या शेवटी तर काहीच ऐकू येईना.

"अबे, हे का केलं तू?" परसराम ओरडला. "तिलेच पुसून टाकलं!"

"काका, कॉम्प्युटरले खरखर अन् आवाज एकच वाटून राहिला."

"तुह्या कॉम्प्युटरले कान आहेत का? जिंदगी गेली माही खाणीतल्या पंपावर. नुस्ता आवाज ऐकून सांगत होतो, बेअरिंग गेली का वाल्व गेला. मले नको शिकवू."

ही बढाई नव्हती. पंप कुरकुरला की खाणीतले साहेबही आधी परसरामला बोलवायचे. तो डोळे मिटून उभा राहायचा आणि बिघाडावर नेमकं बोट ठेवायचा. या कानांवर त्याचा जिवापाड विश्वास होता.

अंकुशने गाळणी काढली, मूळची वंदना लावली आणि हेडफोन त्याच्या हातात दिला. "मंग तुम्हीच ऐका काका. खरखर कधी येते अन् कधी थांबते, तेवढंच पाहा."

परसरामने सवयीने डोळे मिटले. वच्छला म्हणू लागली, खरखर आली. ती श्वास घ्यायला थांबली, खरखर थांबली. त्या तेवढ्या फटीत घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, मागच्या अंगणातला कोंबडाही आरवला, सगळं लख्ख. वच्छलाने पुढची ओळ उचलली आणि खरखर परत सुरू झाली.

त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. बिघाड टेपमध्ये नव्हता, वायरीत नव्हता, डिस्कमध्ये नव्हता.

घरी जाताना काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसलेल्या परसरामला कुंताबाई आठवली. ऑपरेशनआधीच्या वर्षा-दोन वर्षांत विहारात कुंताबाई आणि तिच्या सोबतच्या बाया वच्छलाच्या पाठोपाठ फारच मोठ्याने म्हणायला लागल्या होत्या. परसरामने एकदा सगळ्यांदेखत त्यांना झापलं होतं, जरा हळू म्हणा, तिचा आवाज ऐकू येऊ द्या. बायांनी खाली मान घातली होती. त्या तिची खरखर झाकून तिला सांभाळून घेत होत्या, हे आज त्याच्या लक्षात आलं. गावाला ऐकू येत होतं ते घरातल्याला नाही. तेव्हाच दवाखाना गाठला असता तर? त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की शेजारच्याने सरकून बसायला सांगितलेलंही कळलं नाही. वच्छलाचा जुना, स्वच्छ आवाज आठवायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. कानात खरखरच आली.

वच्छला दारातच उभी होती. परसरामने सीडी लावली. ती खाली बसून ऐकत राहिली, पण तिची नजर मशीनकडे नव्हती, त्याच्याकडे होती.

"त्याची मशीनच बेकार आहे," तो म्हणाला. "उद्या भंडाऱ्याले जाऊन पाहतो."

वच्छलाने नकारार्थी मान हलवली. गळ्यावरच्या रुमालाला बोट लावलं आणि मग हात मागे नेला, खांद्यावरून आणखी मागे, फार दिवसांपासून म्हणावं तसा.

"तुले मालूम होतं?"

तिने मान डोलावली.

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

आणि उत्तर द्यायला, इतक्या वर्षांच्या सवयीने, वच्छलाने तोंड उघडलं.